एक बोल्ट सोडून

आमच्या मिस्त्रींना एखादी गोष्ट ठरवायला सांगा आणि खुशाल महिनाभर फिरून या. परत याल तेव्हाही ते "बघू" म्हणत बसलेले असतील. सत्तर वर्षांचा माणूस, त्यातली बेचाळीस वर्षं माझ्यासोबत संसारात काढली, आणि हा "बघू" मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तो मला ऐकूच येत नाही. या वेळी मात्र त्यांचं बघू-बघू चाललं होतं आणि इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण जे ठरायचं होतं त्यात माझीच मान अडकली होती.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मिस्त्री फ्रेम, ब्रेक, बेअरिंगचे छर्रे बघतात आणि मी चाकं बांधते. रिममध्ये तारा भरायच्या, चाक फिरवून बघायचं, जिथे डुलत असेल तिथली तार आवळून आउट काढायचा. लग्न झालं तेव्हा मला सायकल चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही, पण या भागात निम्म्या लोकांच्या बुडाखालची चाकं माझ्या हातची आहेत. आता मनगटं कुरकुरतात. सकाळी एक चाक बांधलं की दुपारी चहाचा कप उचलताना हात थरथरतो. मिस्त्रींना डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. दुकान आम्ही अर्धाच दिवस उघडतो, आणि तेवढाही आता पुरे झालाय असं दोघांनाही वाटतं. फक्त बोलून कोणी दाखवत नाही.

मिस्त्री माणूस कसा, ते एका गोष्टीत सांगते. एकदा एका शाळेतल्या बाईंच्या सायकलला त्यांनी नवा वायसर बसवला. बाई गेल्या आणि हे बघतात तर नवा वायसर टेबलावरच पडलेला, बसवलाय तो जुनाच. दुसरा कोणी असता तर वायसर डब्यात टाकून मोकळा झाला असता. हे भर उन्हात त्यांचं घर शोधत गेले. बाईंनी दार उघडलं तर समोर घामाघूम मिस्त्री, तळहातावर वायसर. त्यांना वाटलं वर्गणी मागायला आलेत, त्या आतून पाकीट घेऊन आल्या. हे तिथेच पायरीवर बसले, वायसर बदलला आणि पाणीही न पिता परत आले. मी त्यावरून त्यांना वर्षभर चिडवत होते. पण कामाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नाही, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं, आणि त्यानेच माझा घात केला.

तीन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ दुकानात आले. डोक्यावर कापडी टोपी, ती ते कधी काढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. जुन्या खाणीच्या मैदानात पूर्वी मुलांच्या सायकलींच्या शर्यती व्हायच्या. त्या छोट्या चाकांच्या, बुटक्या, मातीच्या ढिगांवरून उड्या मारायच्या बीएमएक्स सायकली. तिथल्या क्लबला चाळीस वर्षं होतायत म्हणून त्यांना क्लबच्या खोलीत जुन्या सायकली मांडायच्या होत्या.

"तुमच्या मुलीची सायकल आहे ना अजून?" त्यांनी विचारलं. "मुलांना मागे टाकून लागोपाठ तीन शर्यती जिंकलेली एकच मुलगी आमच्याकडे. ती सायकल हवीच."

मिस्त्रींनी वर पोटमाळ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. सव्वीस वर्षं मी त्या बाजूला मान वर केलेली नव्हती.

सायकल खाली काढली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. निळा रंग जागोजागी उडालेला, हँडलला गंज, सीट फाटून आतला स्पंज भुग्यासारखा गळतोय, टायरांना भेगा. पुढची सात नंबरची पाटी मधोमध तडकलेली. टोपीवाल्यांचा चेहरा मात्र लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा खुलला. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, सगळी उकलायची, रंग खरवडायचा, नवा रंग, नवं पाणी चढवायचं, कारखान्यातून आल्यासारखी करायची. दुसरा, धूळ पुसायची आणि कशालाही हात लावायचा नाही, कारण ओरखडा हीसुद्धा आठवण असते म्हणे. एकदा रंग खरवडला की परत येत नाही, तेव्हा नीट विचार करून ठरवा, असं सांगून ते गेले.

"बघू," मिस्त्री म्हणाले.

मग काय, आख्ख्या गल्लीला काम मिळालं. शेजारचा शिंपी म्हणाला, नवी करा, फाटकं कोण मांडून ठेवतं. पंक्चर काढायला आलेला पोस्टमन म्हणाला, चुकूनही हात लावू नका, असल्या वस्तूंना फार मान असतो. एका बाईंनी तर ती झाडाची कुंडी लावायला मागितली. मिस्त्री सगळ्यांचं ऐकायचे, मान हलवायचे, स्टुलावर बसून चहा होईपर्यंत सायकलीकडे बघत राहायचे. मी मात्र पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला. चकाचक करा. सगळं सुटं करा, गंजकं सामान फेका, नट-बोल्ट झाडून सगळे नवे घाला. मिस्त्रींना वाटलं असेल, बायकोला टापटीप आवडते. डोंबलाची टापटीप.

आता खरं काय ते सांगते. आमच्या दुकानात एक पद्धत आहे, ती मीच पाडली. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. रेघ दिसली की समजायचं, हा झाला, याला पुन्हा पाना लावायचा नाही. दोघांनी आवळला तर आटे जातात, म्हणून ही रेघ. पुढे तो बोल्ट ढिला होऊन जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, बघणाऱ्याला लगेच कळतं. रेघा ओढायचं काम माझं. माझा हात बारीक म्हणून, आणि बाटलीही माझीच म्हणून.

सव्वीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकानात सायकलींची रांग लागली होती. आमच्या भिंगरीची सायकल रांगेत शेवटी. भिंगरी म्हणजे आमची पोरगी, एकुलती एक, पंधरा वर्षांची होती. पाय म्हणून जमिनीवर ठरायचा नाही, म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. तर बाटली उघडी होती आणि पॉलिश घट्ट होत चाललं होतं, ब्रशला तार सुटत होती. मी म्हटलं, सुकायच्या आत सगळ्यांच्याच रेघा उरकून घेऊ. तिच्या हँडलचा बोल्ट मी हाताने फिरवून वर पान्याचा एक फेरा दिला होता. शेवटचा आवळायचा बाकी होता. एवढी रेघ ओढते आणि मग आवळते, असं म्हणून रेघ ओढली. तेवढ्यात पुढून कोणी हाक मारली आणि मी उठून गेले. झालं ते एवढंच. दारू प्यायले नव्हते की भांडण झालं नव्हतं. बाटली सुकेल म्हणून घाई केली.

सकाळी मैदानावर निघताना भिंगरीने विचारलं, "बाबा, झाली?" मिस्त्रींनी सायकलभोवती एक फेरी मारली, सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. "झाली, जा," ते म्हणाले.

तिसऱ्या ढिगावरून ती उडाली आणि चाक खाली टेकताच हँडल पुढे फिरलं. ती सायकलवरून पलीकडे गेली, गुडघ्यावर पडली आणि मागचा पोरगा तिच्या अंगावरून गेला. गुडघ्याची वाटी फुटली. दोन ऑपरेशनं झाली, चार महिने प्लास्टर. शर्यती संपल्या. आज ती एक्केचाळीस वर्षांची आहे आणि थंडीत अजूनही जिना चढताना कठड्याला धरते.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती आधी रडली नाही. मिस्त्रींकडे बघून म्हणाली, "तू म्हणालास झाली."

"माझ्याकडून राहिलं गं," मिस्त्री म्हणाले. "बोल्ट आवळायचा माझ्याकडून राहिला."

मी हातात पाण्याची बाटली घेऊन तिथेच उभी होते. हा माणूस कामाबद्दल खोटं बोलत नाही, तेव्हा यांना खरंच वाटतंय की यांचीच चूक झाली, असं मी धरून चालले. आणि मूग गिळून बसले. आज नाही, उद्या सांगू. उद्या नाही, प्लास्टर निघाल्यावर सांगू. मग सांगण्यासारखा दिवसच उरला नाही. मधूनमधून मी स्वतःची समजूतही घालायचे, की यांनी पाना लावून बघायला काय झालं होतं. पण रेघेवर पाना लावायचा नाही हा नियम कोणी केला होता? मीच ना.

भिंगरी बापाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांना "तुम्ही" म्हणायला लागली. शिकायला दुसरीकडे गेली, एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली, तिथेच एकाशी लग्न केलं. घरी आली की मला विचारते, "बाबांची तब्येत कशी आहे?" आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. तेही मलाच सांगतात, "तिला म्हणावं, बरी आहे." सव्वीस वर्षं मी त्या दोघांच्या मधली खिडकी होऊन बसलेय. निरोप इकडचे तिकडे करून माझा जीव मेटाकुटीला आला, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आणि आता ती सायकल दुकानाच्या मध्यावर उभी होती. अपघातानंतर मिस्त्रींनी ती तशीच पोटमाळ्यावर टाकली होती असं मी धरून चालले होते. म्हणजे हँडल फिरलेलं आणि बोल्टावरची रेघ अख्खी. दुकानात वाढलेली पोरगी, तिने एकदा वाकून बघितलं असतं तरी तिला कळलं असतं, की हा बोल्ट ढिला झालाच नाही, हा आवळलाच नव्हता, आणि रेघ आईची आहे. जशीच्या तशी ठेवायची म्हणजे माझं पाप क्लबच्या भिंतीवर दिवा लावून टांगायचं. म्हणून माझा चकाचकचा धोशा. मिस्त्री काही बधेनात. रोज सायकलीसमोर बसायचे, रोज बघू.

शेवटी एके दिवशी मिस्त्री सकाळी डोळे तपासायला गेले आणि मी ठरवलं, आपणच उरकून टाकू. एक बोल्ट काढायचा, नवा घालायचा, जुना गटारात. पाच मिनिटांचं काम. मी दुकानाचं दार लोटलं, चष्मा लावला, पाना घेतला आणि हँडलपाशी वाकले.

रेघ नव्हती.

मी बोटाने गंज पुसला, फडका ओला करून पुसला, उजेडाकडे वळवून बघितलं. रेघेचा मागमूस नव्हता. क्षणभर जीव भांड्यात पडला. आपोआप झिजली असेल, उडाली असेल, सुटले मी. आणि मग बोल्टाचं डोकं नीट दिसलं. त्या सायकलला मुळात गोल डोक्याचा, आत षटकोनी खड्डा असलेला बोल्ट होता. हा बाहेरून सहा बाजूंचा, आमच्या दुकानात तेव्हा डबाभर पडलेले असायचे तसला. कोणीतरी तो बदलला होता, आणि गंज बघता तो आज-काल बदललेला नव्हता. त्या पोटमाळ्यावर मिस्त्रींखेरीज कोणी चढत नाही.

मी फरशीवर बसले. म्हणजे यांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. अख्खी रेघ बघितली, कोणाची ते ओळखलं, बोल्ट काढून टाकला आणि दवाखान्यात येऊन "माझ्याकडून राहिलं" म्हणाले. वायसरसाठी उन्हात धावणारा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यासाठी, आणि त्यात पोटची पोर गमावून बसला. आणि मी सव्वीस वर्षं त्याला गबाळा समजून मनातल्या मनात माफ करत होते.

मिस्त्री परत आले. मी त्यांना चहा दिला. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर डोळ्यांचा डॉक्टर काय म्हणाला. दोन दिवस मी अशीच घुम्यासारखी वावरले. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी बघितली नाही.

त्या रविवारी टोपीवाले येणार होते, आणि सायकल शेवटी भिंगरीची म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती आली, मला मिठी मारली, वडिलांकडे बघून मान हलवली आणि दारातच मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली. टोपीवाले तर आधीच सगळं ठरवून आले होते. जशीच्या तशी ठेवायची. शेजारी लावायची पाटीसुद्धा त्यांनी जाड कागदावर लिहून आणली होती. ती त्यांनी भाषणासारखी वाचून दाखवली. "शेवटच्या शर्यतीच्या दिवशी होती तशीच. त्यानंतर कशालाही हात लावलेला नाही."

"खाली फक्त तुमची सही करा, मिस्त्री," ते म्हणाले. "सायकल सांभाळणाऱ्याची सही असली की बघणाऱ्याला खात्री वाटते."

मिस्त्रींनी पेन हातात घेतलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. इतके दिवस त्यांचं घोडं कुठे अडलं होतं ते मला तेव्हा कळलं. जशीच्या तशी म्हणून द्यायची तर ते खोटं होतं, आणि नवी करायची तर पोरीच्या आयुष्यातली तेवढीच एक खूण आपल्या हाताने खरवडायची.

"एक बोल्ट सोडून," ते म्हणाले.

"हात्तिच्या, बोल्टाचं काय एवढं," टोपीवाले म्हणाले. "कोणाला कळतंय."

"मला कळतंय ना. तसं लिहा. एक बोल्ट सोडून."

भिंगरीने मोबाइल खाली घेतला. "कुठला बोल्ट?"

मिस्त्री तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "तिला सांग, हँडलचा. माझ्याकडून ढिला राहिला होता तो. नजरेसमोर नको वाटला, म्हणून टाकून दिला आणि दुसरा घातला."

पुन्हा तेच. पुन्हा माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर, तेही मलाच निरोप्या करून. आणि खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात आलं, की चला, निभावलं. तेवढं मनात आलं आणि मला स्वतःचीच किळस आली.

"तो बोल्ट मी ढिला ठेवला होता," मी म्हणाले. "आवळायच्या आधी रेघ ओढली. बाटली सुकत होती म्हणून. बाबांनी फक्त रेघ बघितली. त्यांची काही चूक नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

टोपीवाल्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले आणि गेले. शहाणा माणूस.

भिंगरी स्टुलावर बसली. दुखरा पाय तिने हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं?"

"रेघ अख्खी होती," मिस्त्री म्हणाले. या वेळी ते तिच्याशीच बोलले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "चार महिने तुला उठता येत नव्हतं. आंघोळ तीच घालणार, भांडं तीच देणार, रात्री कूस तीच बदलणार. तिच्यावर रागावली असतीस तर तिला हात लावू दिला असतास का? आणि मग तुझं केलं असतं कोणी? मला काय, माझ्यावर रागावलीस तरी तुझं काही अडत नव्हतं."

"चार महिन्यांपुरतं ना. पुढे?"

"पुढे बघू म्हटलं," ते म्हणाले. "मग ते तसंच राहिलं."

मी रडत होते. मला वाटलं, आता ती मला बोलेल, तोडून टाकेल, आणि मला ते हवंही होतं. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"आई," ती म्हणाली, "तू मला आंघोळ घालताना रोज विचारायचीस. गेला का गं बाबांवरचा राग? आठवतं तुला? मी नाही म्हणायचे. आणि तू नुसती पाणी ओतायचीस."

मला आठवत होतं. एकही दिवस मी विसरलेले नव्हते. मी "हो" म्हणाले. ती उठली, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

तीन आठवडे तिचा मला फोन आला नाही. मिस्त्रींना येत होता. ते दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलायचे, फोन ठेवला की मला एवढंच सांगायचे, "बरी आहे." ते मला टोचायला तसं म्हणत नव्हते. त्यांना टोचता येत नाही. घरात आम्ही पूर्वीसारखेच वागत होतो, जेवत होतो, दुकान उघडत होतो. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला तरी सांगायचं होतं, की तुम्हांला माहीत आहे. ते म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो." यात राग नव्हता. राग असता तर मला झेपला असता.

चौथ्या रविवारी ती स्वतः आली. टोपीवाल्यांना तिने परस्पर नाही म्हणून कळवलं होतं. सायकल मांडून ठेवायची नाही. रंगाला, ओरखड्यांना, तडकलेल्या पाटीला कोणी हात लावायचा नाही, पण ज्याच्यावर भार पडतो ते सगळं नवं घालायचं. टायर, तारा, छर्रे, ब्रेकच्या वायरी, सगळे बोल्ट. सायकल चालली पाहिजे. मैदानाला एक फेरी मारायची, ढिगांवरून नाही, कडेकडेने, गुडघा वाकेल तेवढी. दोन महिने आम्ही नवी की जुनी म्हणून डोकेफोड केली, आणि तिने ते उभ्याउभ्या दोन मिनिटांत निकालात काढलं.

"चाकं आई बांधेल," ती शेवटी म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, पण म्हणाली.

दोन चाकांना मला पाच दिवस लागले. पूर्वी मी दिवसाला चार बांधायचे. दहा तारा भरल्या की मनगट शेकत बसायचं, परत दहा भरायच्या. आउट मी तीन-तीनदा काढला. मिस्त्रींनी छर्रे घातले, ब्रेक जोडले. चाकं फ्रेममध्ये मी बसवली, नट मी आवळले, आणि हँडलचा बोल्टही मीच आवळला, कारण मिस्त्रींनी पाना माझ्या हातात दिला आणि ते बाजूला झाले. रेघ ओढली नाही. ती बाटली मी आता दुकानात ठेवत नाही.

भिंगरी सायकल न्यायला आली. तिने सायकलभोवती एक फेरी मारली. मग टेबलावरचा पाना उचलला आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. एक एक नट, एक एक बोल्ट, सगळ्यांना तिने पाना लावून बघितला, मी समोर उभी असताना. हँडलच्या बोल्टाला दोनदा लावला. मिस्त्री काही बोलायला गेले, मी त्यांना हातानेच थांबवलं. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. फार वाटलं. पण मागच्या चाकाच्या नटाला तो पाना लागेना, तेव्हा तिने न बघताच माझ्याकडे हात पुढे केला, आणि मी तिला मोठा पाना दिला.